लाकडी जहाजाचं काम शिकायचंय? पुण्यातल्या मुलांनी अर्ज कुठे आणि कसा करावा

मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या पारशी घराण्यातल्या मंडळींनी १८१७ साली मलबारी सागवानातून बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे शिडाचं जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगतं आहे. तीच गोदी आता नौदलाची नेव्हल डॉकयार्ड आहे आणि लाकडी जहाजकामाची शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) तिथे अजून मिळते. पुण्यात मात्र आयटीआय म्हटलं की फिटर, इलेक्ट्रिशियन आणि चाकण एवढंच डोळ्यांसमोर येतं.

डॉकयार्डाच्या अप्रेंटिस भरतीच्या जाहिरातीत ‘शिपराइट वुड’, म्हणजे लाकडी जहाजकाम, हा ट्रेड शोधा. सुतारकामाचा आयटीआय केलेल्यांसाठी हाच रस्ता. आयटीआय नसेल तर ‘रिगर’ बघा, म्हणजे दोर, साखळ्या आणि अवजड वजनं हलवण्याचं काम. त्याला आठवी पास पुरते, पण प्रशिक्षण दोन वर्षांचं.

आधीच्या जाहिरातींत आयटीआयवाल्या ट्रेडसाठी दहावीला ५० आणि आयटीआयला ६५ टक्के मागितले होते. वय किमान १४, धोक्याच्या ट्रेडसाठी १८. उंची १५० सेंमी, वजन ४५ किलो, छाती ५ सेंमी फुगली पाहिजे. आधी कुठे अप्रेंटिसशिप पूर्ण केली असेल तर पुन्हा मिळत नाही. नवी जाहिरात आली की आकडे त्यातलेच धरा.

अर्ज ऑनलाइन, मग लेखी परीक्षा, कागदपत्रांची तपासणी आणि वैद्यकीय. रुजू होताना पोलीस पडताळणीही लागते. नौदलाचं आवार आहे, तिथे सूट नाही.

कागदपत्रं म्हणजे दहावी आणि आयटीआयच्या गुणपत्रिका, आधार, फोटो, जातीचा दाखला. यातला दाखलाच सगळ्यात जास्त दगा देतो. भरती केंद्राची, त्यामुळे ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा. राज्याचा घेऊन गेलात तर अडकाल. एसईबीसी हा राज्याचा सामाजिक आणि शैक्षणिक मागास प्रवर्ग, तो केंद्राकडे नाहीच. आमच्या ओळखीतल्या एका मुलाच्या आधारवर वडिलांचं नाव मधे होतं, गुणपत्रिकेवर शेवटी. बिचाऱ्याचे दोन आठवडे सेतूच्या रांगेत गेले. नावं आजच जुळवून बघा.

उमेदवार अठराच्या आतला असेल तर करारावर पालकांची सही लागते. मिळतं ते विद्यावेतन, पगार नव्हे, आणि नंतर नोकरी देण्याचं बंधन डॉकयार्डवर नाही. मुंबईत खोलीचं भाडं किती पडेल, हा हिशेब घरी आधीच मांडा.

सुतारकामाचा आयटीआयच झाला नसेल तर औंधच्या शासकीय आयटीआयत चौकशी करा. प्रवेश दरवर्षी राज्याच्या ऑनलाइन प्रक्रियेतूनच होतात.

स्वयंसेवक म्हणून ‘त्रिंकोमाली’सारख्या परदेशातल्या जुन्या जहाजावर हात लावायची हौस असणारेही भेटतात. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा चालते, तीही प्रवासाचं मुख्य कारण म्हणून नाही. त्याहून जास्त दिवस स्वयंसेवा करायची तर धर्मादाय कामगाराचा वेगळा व्हिसा घ्यावा लागतो आणि त्यासाठी तिथल्या संस्थेचं प्रायोजकत्व पत्र आधी हातात लागतं. तिकीट काढून मग पत्राची वाट बघू नका.