लसीची भीती आणि लसीकरणाचा निर्णय (नाशिक जिल्हा)

साथीच्या काळात लस मिळत असूनही ती घ्यायला कचरणं, आज नको उद्या बघू करणं किंवा सरळ नाही म्हणणं, याला आरोग्यशास्त्रात लस-संकोच म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये, म्हणजे कोविडच्या आधीच, जगाच्या आरोग्यापुढच्या दहा धोक्यांत तो धरला होता. इथे मुख्यतः 2021-22 चा नाशिक जिल्हा घेतलाय.

संकोच कशाला म्हणायचं यावरच वाद आहे. संघटनेच्या तज्ज्ञगटाने साधारण 2014-15 च्या सुमारास तीन कारणं मांडली, विश्वास नसणं, गरज न वाटणं आणि सोय नसणं. तिसऱ्यावर बऱ्याच अभ्यासकांचा आक्षेप आहे, केंद्र लांब असेल किंवा वेळ जुळत नसेल तर तो माणसाचा संकोच नाही, व्यवस्थेची अडचण आहे असं ते म्हणतात, आणि पेठ-सुरगाणा या जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांकडचं चित्र बघता हेच मत जास्त पटतं. कोविशिल्डच्या एका बाटलीत 10 डोस, एकदा उघडली की 4 तासांत संपवायची, वाया घालवायची नाही, मग पाड्यावर तीन-चारच माणसं जमली की अजून लोक येऊ द्या नाहीतर नंतर या असं ऐकायला मिळायचं, आणि नंतर या म्हणजे अजून एक खाडा. त्यात टोचल्यावर एक-दोन दिवस ताप नि अंगदुखी. एप्रिलमध्ये द्राक्ष-कांद्याची कामं, जून-जुलैत भाताची आवणी, अशा वेळी हातावर पोट असलेला माणूस अंथरुणाला खिळायचं कशाला असा विचार करणारच. कोविन या सरकारी पोर्टलवर नोंदणीसाठी रेंज लागायची, ती टेकडीवर चढल्याशिवाय मिळत नसेल तर तिथेच विषय संपायचा. अशा सगळ्यांना 'आदिवासी घाबरतात' या एका खात्यात टाकणं अन्यायाचं आहे.

भीती नव्हती असं मात्र नाही. लस घेतल्यावर माणूस दगावतो, मूल होत नाही या अफवा फिरत होत्या, मूल न होण्याची तर पल्स पोलिओच्या वेळचीच जुनी. 21 एप्रिल 2021 ला नाशिक शहरात महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजन टाकीच्या गळतीनंतर 22 ते 24 रुग्ण दगावले (आकडा दोन्ही प्रकारे सांगतात). लसीचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण त्या दिवसांत दवाखान्याची पायरी चढायचीच धास्ती होती हे विसरून चालत नाही.

जून 2021 मध्ये शहरातल्या एका ज्येष्ठ नागरिकाने दुसऱ्या डोसनंतर अंगाला चमचे-नाणी चिकटतात असा दावा केला, व्हिडिओ देशभर फिरला. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा ठरवला. डोस फक्त अर्धा मिलिलिटर, कोविशिल्डमध्ये हिस्टिडिन, मॅग्नेशियम क्लोराइड, पॉलिसॉर्बेट 80, साखर, मीठ, थोडं इथेनॉल, पाणी वगैरे, यातलं काहीच लोहचुंबकासारखं वागत नाही, मॅग्नेशियम हे नाव मॅग्नेटसारखं वाटतं म्हणून गोंधळ होतो. कोव्हॅक्सिनमध्ये ॲल्युमिनियमचा क्षार असतो, पण चुंबक त्यालाही ओढत नाही. शिवाय स्टेनलेस स्टीलचे बरेच चमचे स्वतःच चुंबकाला नीट चिकटत नाहीत. घामट, तेलकट, केस नसलेल्या कातडीवर सपाट हलकी वस्तू टिकते, आणि टाल्कम पावडर फासली की खाली पडते, ही परीक्षा कुणीही घरी करू शकतं.

मालेगावची गोष्ट वेगळी. 2020 मध्ये हे शहर हॉटस्पॉट होतं, मग रुग्ण झपाट्याने कमी झाले, तिथला युनानी मन्सुरा काढा राज्यभर गाजला. साथ आपल्याकडून गेली, आता सुई कशाला, असा सूर 2021 मध्ये होता, ही भीती कमी आणि गरज न वाटणं जास्त. नोव्हेंबर 2021 मध्ये आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी मुस्लिमबहुल भागांसाठी सलमान खानची मदत घ्यायचं जाहीर केलं होतं.

खऱ्या दुष्परिणामांबद्दल स्पष्ट बोललं गेलं असतं तर विश्वास वाढला असता. ॲस्ट्राझेनेकाच्या लसीने (कोविशिल्ड तीच) क्वचित रक्ताच्या गाठी होतात हे 2021 मध्येच युरोपात समोर आलं होतं. भारतात लसीच्या तीव्र ॲलर्जीने झालेला एक मृत्यू सरकारी समितीने जून 2021 मध्ये मान्य केला, टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात ते याचसाठी.

प्लेगच्या काळातही हेच होतं. प्लेगची लस बनवणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 ला मुंबईत स्वतःला ती टोचून घेतली, पण तिने सडकून ताप यायचा. नाशिकजवळच्या भगूरला सावरकरांचे वडील 1899 मध्ये प्लेगने गेले. 1902 मध्ये पंजाबात मुल्कोवाल इथे टोचल्यावर 19 जण धनुर्वाताने मेले आणि हाफकिन यांना निर्दोष ठरायला 1907 उजाडलं.

डिसेंबर 2021 मध्ये नाशिकला 'नो व्हॅक्सिन, नो एंट्री' लागू झालं, मग न घाबरणारे पण टाळणारे बरेच जण रांगेत आले. 10 जानेवारी 2022 पासून बूस्टर म्हणजे प्रिकॉशन डोस सुरू झाला, 18 वर्षांवरच्यांना तो 10 एप्रिलपासून खाजगी केंद्रांवर पैसे देऊन मिळायला लागला आणि 15 जुलैपासून 75 दिवस सरकारी केंद्रांवर फुकट होता. नवी अफवा फारशी नव्हती, केंद्रंही रिकामी होती, तरी देशभर प्रतिसाद थंडच राहिला.