नोटेवरची कुंभारीण आणि तिचा इंग्रज मास्तर

नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेच्या मागच्या बाजूला कुंभारकाम करणारी एक बाई आहे. ती लादी क्वाली. तिच्याविषयी लिहिताना एक वाक्य हमखास येतं: मायकेल कार्ड्यू या इंग्रज स्टुडिओ पॉटरने (स्वतःच्या लहान कार्यशाळेत भांडी घडवणाऱ्या कुंभाराने) तिला शिकवलं. ते खोटं नाही, पण त्यावर थांबलं तर गोष्ट उलटी कळते. कार्ड्यू नायजेरियात पोचला तेव्हा तो पन्नाशीचा होता आणि आफ्रिकेत कुंभारकाम शिकवायला जाऊन एकदा सपशेल आपटलेला होता.

कार्ड्यूचा जन्म १९०१चा. ऑक्सफर्डला तो ग्रीक-लॅटिन शिकला, पण त्याचं चित्त मातीत. वडिलांना नॉर्थ डेव्हनच्या गावठी भांड्यांचा नाद होता, त्यामुळे फ्रेमिंग्टनच्या एडविन बीअर फिशली या कुंभाराचं काम त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. त्याच फिशलीच्या नातवाकडे तो चाक चालवायला शिकला आणि १९२३ मध्ये सेंट आइव्ह्जला बर्नर्ड लीच या इंग्रज कुंभाराकडे दाखल झाला. लीचने १९२० मध्ये हामादा शोजी या जपानी कुंभाराला बरोबर घेऊन तिथे भट्टी उभारली होती. लीचचा ओढा जपान, कोरिया, चीनकडे. कार्ड्यूला मात्र इंग्लंडच्या शेतकरी घरांतली भांडी पुन्हा करायची होती: जग, मग, सायडरचे बुधले, आणि तीही साध्या माणसाला परवडतील अशी.

१९२६ मध्ये त्याने विंचकोंबजवळची बंद पडलेली जुनी पॉटरी भाड्याने घेतली. तिथे पूर्वी काम केलेला एलाइजा कम्फर्ट हा म्हातारा कारागीर त्याला मिळाला, आणि सिडनी टस्टिन नावाचा एक कोवळा पोरगा. अभ्यासक्रम वगैरे काही नव्हताच. कम्फर्टचे हात बघायचे, माती मळायची, भट्टीत लाकूड घालायचं. १९३६ मध्ये रे फिंच आला आणि तीनच वर्षांत कार्ड्यूने सगळा कारभार त्याच्यावर सोपवून कॉर्नवॉलमधल्या वेनफर्ड ब्रिजला मुक्काम हलवला. एका जागी न टिकणं हा त्याचा स्वभावच होता.

पुढे आली पैशांची चणचण आणि युद्ध. १९४२ मध्ये त्याने गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामधल्या, आचिमोटा कॉलेजात कुंभारकाम शिकवण्याची नोकरी धरली. युद्धामुळे बाहेरून माल येणं बंद झालेलं, म्हणून कॉलेजच्या पॉटरीचा विस्तार करून अलाजो इथे कौलं आणि भांड्यांचा कारखाना काढायचं ठरलं. लहान कार्यशाळेत माणूस माणसाकडून शिकतो, या विश्वासावर वाढलेल्या कार्ड्यूच्या गळ्यात आता उत्पादनाचे आकडे आले. भट्ट्या दगा देत राहिल्या, कामगारांशी खटके उडाले, आणि १९४५ मध्ये कारखाना बंद झाला.

इथे दुसरा कुणी सरळ घरी गेला असता. कार्ड्यू गेला व्होल्टा नदीकाठच्या वूमे या गावी, स्वतःच्या खर्चाने. अलाजोचा त्याचा शिष्य क्लेमेंट कोफी आथे बरोबर होता. जवळपास तीन वर्षं तिथलीच माती आणि तिथलेच दगड घेऊन स्टोनवेअर, म्हणजे खूप उष्णतेत भाजलेली न झिरपणारी भांडी, करण्याची धडपड चालली. खूप माल वाया गेला. शेवटी तब्येत ढासळली आणि १९४८ मध्ये तो परतला. वूमेची जी थोडी काळपट हिरवी भांडी वाचली, त्यांना आज संग्राहक जपतात. माझ्या मते कार्ड्यूमधला शिक्षक तयार झाला तो इथे, शिकवायला फारसं कुणी नसताना. तयार माल मागवण्याची सोय नसेल तर कुंभाराला पायाखालचा खडक वाचता आला पाहिजे, हे त्याला पुरतं पटलं. १९६९ साली आलेल्या ‘पायोनियर पॉटरी’ या त्याच्या पुस्तकात भूशास्त्राला एवढं स्थान आहे ते उगीच नव्हे.

१९५१ मध्ये नायजेरियाच्या वसाहत सरकारने त्याला पॉटरी अधिकारी नेमलं आणि १९५२ मध्ये अबुजाचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. (हे जुनं अबुजा. नव्या राजधानीने नाव घेतल्यावर गाव सुलेजा झालं.) तिथे तरुण मुलगे चाकावर काम शिकत, लाकडाच्या भट्टीत १२८० अंशांच्या आसपास भाजलेले स्टोनवेअरचे टीपॉट आणि झाकणाची भांडी करत. गिऱ्हाईक मुख्यतः गोरे अधिकारी आणि शहरी लोक. आजूबाजूच्या गावांत मात्र कुंभारकाम बायकांचं होतं, आणि तेही चाकाविना. केंद्र ज्यांच्या हातात पिढ्यांची कला होती त्यांना सोडून ज्यांच्या हातात ती नव्हती त्यांना शिकवत होतं! आपल्याकडे कुंभाराच्या घरी चाक बहुधा पुरुषाकडेच असतं, त्यामुळे ही विसंगती आपल्या चटकन लक्षात येत नाही.

अबुजाच्या अमीराच्या वाड्यात कार्ड्यूने काही घडे पाहिले होते. ते क्वाली गावच्या लादीचे. ग्वारी समाजातली ही बाई मावशीकडून काम शिकलेली आणि पंचक्रोशीत नावाजलेली. १९५४ मध्ये ती केंद्रात आली, तिथली पहिली स्त्री. कागदोपत्री शिकाऊ. ती चाक शिकलीही, पण तिचं खरं काम पूर्वीसारखंच चालू राहिलं: मातीचा गोळा मधे ठेवायचा, स्वतः त्याभोवती फिरायचं, वळीवर वळी चढवत घडा उंच करायचा, खरवडून गुळगुळीत करायचा, आणि ओल्या अंगावर सरडे, विंचू, मगरी, साप कोरायचे. फरक भाजण्यात पडला. तिचा घडा आता उघड्यावर गवतात न भाजता ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, चढवून भट्टीत जाऊ लागला.

त्याचा परिणाम माठाचं पाणी प्यालेल्या माणसाला सांगायला नको. गावात भाजलेला घडा झिरपतो, म्हणून पाणी गार करतो. स्टोनवेअरचा घडा झिरपत नाही. तो लंडनच्या बर्कली गॅलरीत १९५८ पासून मांडला गेला, वाखाणला गेला, विकला गेला. पाण्याच्या कामाचा मात्र राहिला नाही. लादीला यातून नाव मिळालं, ब्रिटिश सरकारचा एमबीई किताब मिळाला, पुढे अहमदू बेल्लो विद्यापीठाची मानद डॉक्टरेटही. तिच्या घड्याचं काय झालं, हा प्रश्न तरीही उरतोच.

कार्ड्यूचं श्रेय नेमकं कुठे, तर त्याने तिच्या हातांना हात लावला नाही. तिच्या मागोमाग हालिमा आउदू, असिबी इदो, कांदे उशाफा अशा बायका आल्या; त्यांच्यासाठी ‘दाकिन ग्वारी’ ही वेगळी खोली झाली आणि तिथे त्या आपल्या पद्धतीने घडे करत. बोलण्यात हट्टी आणि तापट असलेल्या या माणसाला वूमेने निदान एवढं शिकवलं असावं. १९६५ मध्ये तो निवृत्त झाला आणि मायकेल ओब्रायनने केंद्र हाती घेतलं. १९७२ मध्ये लादी आणि कोफी आथे यांना घेऊन कार्ड्यूने अमेरिकेत प्रात्यक्षिकांचा दौरा केला. तो १९८३ मध्ये गेला, लादी त्याच्या पुढच्याच वर्षी.

याच कार्ड्यूच्या सांगण्यावरून १९७४ मध्ये एक तरुण केनियन मुलगी इंग्लंडहून अबुजाला शिकायला गेली: मॅग्डलीन ओडुंडो. जन्म नैरोबीचा, बालपणाचा काही काळ दिल्लीत. केंद्रात चाकं होती, ग्लेझची पिंपं होती. तिने धडे घेतले ते लादी क्वाली आणि कांदे उशाफा यांच्याकडे. आज जगभरच्या संग्रहालयांत असलेली तिची भांडी हातानेच उभारलेली आहेत, घोटून चकचकीत केलेली, आणि त्यांवर ग्लेझ नाही.