एक वर्ष थांबण्याचं व्याज : १३६ टक्के

मार्च २०२३ मध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये कॅरोलायना पँथर्सने शिकागो बेअर्सकडून त्या वर्षीच्या ड्राफ्टमधली (संघांनी नवे खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या फेऱ्यांमधली) पहिली निवड मिळवली. बदल्यात बरंच काही दिलं, त्यात स्वतःचा २०२४ च्या पहिल्या फेरीतल्या निवडीचा हक्कही होता. मग पँथर्सने १७ पैकी २ सामने जिंकले. तळाच्या संघाला पुढच्या वर्षी पहिली निवड मिळते, त्यामुळे तो हक्क थेट पहिल्या क्रमांकाचा ठरला आणि बेअर्सने त्यावर केलेब विल्यम्स या खेळाडूला घेतलं.

बेअर्सचं नशीब फळफळलं, असं अनेकांनी म्हटलं. पण भविष्यातल्या निवडींचे हक्क मुळात स्वस्तातच विकले जातात.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या कारकिर्दीत एक तक्ता तयार झाला. पहिल्या निवडीला ३००० गुण, सोळाव्याला १०००, अठ्ठेचाळिसाव्याला ४२०. सौद्यांची बोलणी पुढे अशाच तक्त्यांवर होऊ लागली. भविष्यातल्या हक्कासाठी मात्र एक ढोबळ रूढी आहे : एक वर्ष थांबायचं, तर एक फेरी वर. यंदाची दुसऱ्या फेरीची निवड द्या, पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची घ्या.

आता हिशेब करून बघा. ३२ संघांच्या फेरीत पुढच्या वर्षी कोण कितवा येईल हे माहीत नसतं, म्हणून मधला क्रमांक धरू : पहिल्या फेरीत सोळावा, दुसऱ्या फेरीत अठ्ठेचाळिसावा. आज ४२० गुणांची निवड दिली की वर्षाने १००० गुणांची मिळते. १००० भागिले ४२० म्हणजे सुमारे २.३८, अर्थात वर्षाला १३८ टक्के व्याज! केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (२०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी) यांनी प्रत्यक्ष सौदे तपासले. निवडीच्या क्रमांकानुसार किंमत कशी उतरते याचा वेइबुल वक्र (संख्याशास्त्रातल्या एका सूत्राचा आलेख) त्यांनी बसवला आणि त्याच समीकरणात व्याजदर हे आणखी एक अज्ञात ठेवलं. उत्तर आलं १३६ टक्के. या दराने पुढच्या वर्षीचे १०० गुण आज ४२ होतात, दोन वर्षांनंतरचे १८, तीन वर्षांनंतरचे जेमतेम ८.

क्रमांक अनिश्चित असतो म्हणून भाव पडतो, हे स्पष्टीकरण अपुरं आहे. अनिश्चितता दोन्ही बाजूंनी असते. पँथर्सचा हक्क सरासरीपेक्षा वरच गेला. खरं कारण घाई. हरणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाला तीन वर्षांनंतरच्या खेळाडूचा काय उपयोग? तेव्हा तो खुर्चीवर असेलच असं नाही.

त्यात टीव्हीवरच्या जाणकारांची भर. 'दशकातला सर्वोत्तम क्वार्टरबॅक' (संघाच्या हल्ल्याची सूत्रं सांभाळणारा खेळाडू) असली भाकितं राशिभविष्याइतक्याच ठामपणे केली जातात. प्रत्यक्षात एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता निम्म्याहून किंचितच जास्त निघाली, हेही त्याच अभ्यासात आहे. तीन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क खर्चून सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने २०२१ मध्ये ट्रे लान्स या क्वार्टरबॅकला घेतलं. पण पुढे संघ सावरला तो २०२२ च्या ड्राफ्टमधल्या अगदी शेवटच्या, २६२ व्या निवडीने, ब्रॉक पर्डी या दुसऱ्या क्वार्टरबॅकने.

म्हणून माझ्या मते भविष्यातले हक्क विकण्याची परवानगी प्रशिक्षकाच्या हातात असूच नये. ती संघमालकाने स्वतःकडे ठेवावी, कारण तीन वर्षांनंतरही संघ त्याचाच असणार.