रेणुका रोज नदीवर जायची, पण गाण्यात किती वेळा?

कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या डोंगरावर चौंडकं या तंतुवाद्याच्या तालात यल्लम्माची, म्हणजेच रेणुकेची, कथा ऐकायला बसलात, तर तिच्याबरोबर नदीच्या बऱ्याच खेपा होतात. ती उठते, नदीवर जाते, वाळूची घागर घडवते, नागाची चुंबळ करते, पाणी घेऊन आश्रमात येते. मग पुन्हा उठते. छापील पुस्तिकेत एवढं सगळं एका वाक्यात उरकतं: रेणुका रोज वाळूच्या घागरीतून पाणी आणी.

घटना तीच, सांगणं वेगळं. फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये कथनाचे जे घटक मांडले, त्यांत 'वारंवारिता' हा एक. म्हणजे घडलं किती वेळा आणि सांगितलं किती वेळा. हे सांगणाऱ्याच्या मर्जीवर असतं असं वाटतं खरं, पण निम्मा निर्णय माध्यमाने आधीच घेतलेला असतो.

कानाला मागचं पान उलटता येत नाही. आपल्या कार्यस्मृतीत, म्हणजे आत्ता ऐकलेलं क्षणभर धरून ठेवणाऱ्या स्मृतीत, एका वेळी जेमतेम चार-पाच गोष्टी मावतात, आणि यात्रेच्या गर्दीत ओळ हुकली की हुकली. ती परत येणार असेल तरच ऐकणारा गोष्टीत टिकतो. त्यात डोंगरावर एका घोळक्यात निपाणी-खानापूरकडचे मराठी आणि गोकाक-रामदुर्गकडचे कन्नड बोलणारे शेजारी शेजारी. कानडीत निसटलेलं मराठीत सापडायला पुनरुक्तीचा उपयोग होत असणार, असं मला वाटतं.

गाणाऱ्यालाही ती हवीच असते. मिलमन पॅरी हे अमेरिकन संशोधक १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात गेले. दीर्घ वीरगाथा गाणारे तिथले गायक पाठांतर करत नाहीत, ठरीव शब्दबंध आणि ठरीव प्रसंग जोडत गातानाच रचना करतात, हे त्यांनी आणि त्यांचे शिष्य अल्बर्ट लॉर्ड यांनी दाखवलं. अव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकाला त्यांनी दुसऱ्याची सुमारे २,३०० ओळींची गाथा एकदाच ऐकवली. त्याने ती परत गायली तेव्हा ओळी झाल्या ६,३०० च्या वर! ध्वनिमुद्रणाची तबकडी काही मिनिटांत भरायची, म्हणून पॅरींनी दोन तबकड्या आलटून पालटून चालणारं यंत्रच बनवून घेतलं होतं.

बाजारातल्या ग्रामोफोनला ही चैन नव्हती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं, त्यात गायचं तर आधी खेपाच कापायच्या. चित्रपटाची अडचण उलटी. त्याला 'रोज' म्हणताच येत नाही. कॅमेऱ्यासमोर जी सकाळ येते ती एकच, ठरावीक सकाळ. म्हणून मग तीन-चार सकाळी भराभर जोडून दाखवायच्या आणि बाकीच्या प्रेक्षकाने समजून घ्यायच्या.

खेपा कापल्या तर जातं काय? गंधर्वांची जलक्रीडा पाहून रेणुकेचं मन चळतं, त्या दिवशी तेच ओळखीचं कडवं सुरू होतं. हात वाळूत जातात आणि घागर काही होत नाही. इतका वेळ पुढची ओळ मनात आधीच म्हणणारा श्रोता तिथे अडखळतो, कारण मेंदू अंदाज बांधत ऐकतो आणि तो अंदाज चुकला की लक्ष ताडकन जागं होतं. पुस्तिकेला हे काम 'एके दिवशी' या दोन शब्दांत करावं लागतं. अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये तर घागर नसतेच, थेट परशुरामाची कुऱ्हाड.

आता मोबाइलवर तासतासभराची रेकॉर्डिंगही ठेवता येतात, तबकडीचं बंधन गेलं. फक्त तिथे ऐकणाऱ्याचं बोट पडद्यावर असतं, आणि तिसऱ्या खेपेला ते गाणं पुढे सरकवतं.