‘ब्लू-आइड’चे तुकडे किती?

निळ्या डोळ्यांच्या व्यक्तीला इंग्रजीत ‘ब्लू-आइड’ म्हणतात. उच्चाराच्या अंगाने पाहिले तर या विशेषणात दोनच सिलॅबल आहेत, म्हणजे एकेका स्वराभोवती बांधलेले दोन ध्वनिगट. अर्थाच्या अंगाने मात्र ‘ब्लू’, ‘आय’ आणि ‘-एड’ हा प्रत्यय असे तीन घटक निघतात. मराठी वाचकाची येथे एक गफलत होऊ शकते. आपण अक्षरे मोजतो ती लिपीवरून. ‘घर’ लिहिताना दोन अक्षरे असली तरी बोलताना त्याचे सिलॅबल एकच असते.

या विशेषणांतला खोडकर घटक म्हणजे ‘-एड’. त्याच्याआधी ‘ट’ किंवा ‘ड’ असेल, तर तो स्वतंत्र सिलॅबल होतो, म्हणून ‘ॲब्सेंट-माइंडेड’मध्ये चार सिलॅबल भरतात, ‘ओल्ड-फॅशन्ड’मध्ये मात्र तो आधीच्या ध्वनीला चिकटतो आणि तिनांवरच काम भागते. मध्ययुगीन इंग्रजीत हा प्रत्यय सर्रास वेगळा उच्चारला जाई. त्या उच्चाराची खूण ‘नेकिड’, ‘विकिड’ अशा शब्दांत टिकून आहे, आणि तीन पायांच्या शर्यतीच्या ‘थ्री-लेगिड’ या इंग्रजी नावातही ती पुष्कळदा ऐकू येते.

खरी गंमत जोडरेषेची आहे. ‘हँड-पेंटेड’ आणि ‘काइंड-हार्टेड’ दिसायला सारखे, दोहोंत तीन-तीन सिलॅबल. पहिल्याची फोड जोडरेषेपाशी होते, कारण ‘पेंटेड’ हे क्रियापदाचे स्वतंत्र रूप आहे. ‘हार्टेड’ मात्र सहसा सुटा वापरला जात नाही. तेथे ‘काइंड हार्ट’ ही जोडी आधी जमते आणि मग त्या अख्ख्या जोडीला प्रत्यय लागतो. जोडरेष डोळ्यांना चुकीच्या जागी थांबवते, असे म्हणायला हरकत नाही. दयाळू मन ज्याचे आहे तो, असा विग्रह केला की आपला बहुव्रीही आठवतो, आणि पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञांनी ही संज्ञा संस्कृत व्याकरणातून जशीच्या तशी उचलली आहे.

मराठीतील ‘चारचाकी’ची घडणही अशीच आहे. ‘चार चाके’ या जोडीला ‘ई’ लागून हा शब्द होतो, म्हणजे घटक चार, चाक, ई. बोलताना मात्र ‘चाक’मधला ‘क’ पुढच्या स्वराकडे सरकतो आणि सिलॅबल पडतात ते चार्, चा, की असे.