मोठी टाकी म्हणजे शॉवरला जोर?

‘टाकी ५०० ऐवजी २,००० लिटरची बसवा, वरच्या बाथरूममधल्या शॉवरला जोर येईल,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे साठ्यासाठी मोठी टाकी हवीच, आणि म्हणूनच सल्ला पटतोही. पण जोराचा लिटरशी संबंध नाही.

दाब ठरतो तो टाकीतलं पाणी शॉवरच्या किती वर आहे यावर. १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. गच्चीवर नुसती टेकवलेली टाकी वरच्या मजल्यावरच्या शॉवरपेक्षा जेमतेम दीड-दोन मीटर उंच, म्हणजे दाब ०.२ च्या आतच. तळमजल्याला आणखी तीन मीटर मिळतात, म्हणून तिथला नळ धो धो.

घरीच बघा. एक अरुंद बाटली, एक रुंद डबा. दोन्हींना तळाशी सारखंच भोक, पाणी सारख्याच उंचीपर्यंत. बोट काढताच दोन्ही धारा सारख्याच लांब पडतात. बाटलीची लवकर मंदावते, कारण तिची पातळी झटकन उतरते.

पैसे घालायचे तर टाकीखालच्या चौथऱ्यावर घाला. त्याआधी शॉवरची जाळी काढून बघा. बोरचं पाणी असेल तर निम्मी भोकं क्षारांनीच बुजलेली असतात.