ओतीव आकडा आणि ठोकीव आकडा

अंगभर धूळ, चाकांवरच्या पत्र्याला गंज आणि विकणाऱ्याचं पाठ केलेलं वाक्य : "नंबर्स मॅचिंग आहे, कधी रिस्टोर केलेली नाही." म्हणजे इंजिन गाडीचं मूळचंच. गाडी १९६९ची शेव्हरले कॅमेरो झेड/२८ असेल तर एवढ्यावर शहाणी माणसंही पाघळतात. मिशिगनमधल्या माझ्या एका मित्राने इंजिनाच्या ब्लॉकवरचा, म्हणजे मुख्य धडावरचा, आकडा फोनवर शोधला, "बरोबर आलाय रे" म्हणाला आणि इसार देऊन मोकळा झाला. त्याने पाहिला होता तो ओतीव आकडा.

आपल्याला सवय आरसीची. तिच्यावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात, ताडून पाहिले की झालं. अमेरिकेतल्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, इंजिन नंबर नसतो, फक्त व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. तोही १२४३७ने सुरू होतो, म्हणजे आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाची दोन दारी कूपे, बस्स. झेड/२८ हा ऑप्शन होता, त्याचा व्हीआयएनमध्ये मागमूस नाही. म्हणून सगळा भार इंजिनावर येतो.

ओतीव आकडा ब्लॉकच्या मागे, गिअरबॉक्स जोडतात तिथे, उठावाचा असतो. तो साच्यातूनच येतो. ३९७००१० हा आकडा झेड/२८च्या ३०२ घनइंची इंजिनावर सापडतो हे खरं, पण तोच ३५० घनइंची असंख्य साध्या इंजिनांवरही आहे, ट्रकमधल्यासुद्धा. तो जुळला म्हणजे आडनाव जुळलं. कुलकर्णीच आहेत, पण कुठले?

ठोकीव आकडे पुढे, उजव्या सिलिंडर हेडसमोरच्या छोट्या सपाट पट्टीवर, अल्टरनेटरच्या आड. त्यातले एक इंजिन कारखान्याचे : व्ही०४१२डीझेड म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, १२ एप्रिल, झेड/२८चं इंजिन. दुसरे गाडीच्या कारखान्यात ठोकलेले, व्हीआयएनचा तुकडा : नॉरवूडच्या कारखान्यातली गाडी असेल तर १९एन आणि पुढे सहा आकडे. हे कधीकधी पट्टीवर नसून ऑइल फिल्टरजवळ असतात. हा तुकडा जुळला तरच इंजिन या गाडीचं. डीझेड जुळून तो जुळला नाही, तर इंजिन झेड/२८चंच, पण दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं.

आणि आकडे ठोकायचे पंच बाजारात कुणालाही मिळतात. म्हणून पट्टी चिंधीने पुसा, टॉर्च आडवा धरा. पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा दिसायला हव्यात. त्या कारखान्यातल्या ब्रोचिंगच्या, म्हणजे दातेरी हत्याराने पृष्ठभाग तासण्याच्या, आणि आकडे त्यांच्यावर बसलेले हवेत. इंजिन उघडताना कुणी ब्लॉकचा माथा घासून सपाट केला असेल तर रेघा जातात, आकडेही जातात. त्यात लबाडी नाही, भाव मात्र उतरतो. पण घासलेल्या पट्टीवर आकडे टवटवीत असतील तर मी चहासुद्धा न घेता निघतो. दोन कारखान्यांत, दोन वेळा ठोकलेले आकडे एकाच हातचे, एकाच खोलीचे दिसले तरीही.

ओतकामाची तारीखही मागेच असते. 'सी २८ ९' म्हणजे २८ मार्च १९६९. आधी ओतकाम, मग इंजिनाची जोडणी, मग गाडी. हा क्रम उलटा दिसला तर पुढे बोलायचं कारण नाही.

भावाचं माझं गणित सरळ आहे. व्हीआयएनचा तुकडा खरा आणि सोबत प्रोटेक्ट-ओ-प्लेट, म्हणजे गाडीबरोबर मिळालेली वॉरंटीची धातूची पट्टी, असेल तर झेड/२८चा पूर्ण भाव, त्यातून गंजाचा खर्च वजा. इंजिन बदललेलं पण कागद पक्के असतील तर गाडी झेड/२८च, भाव बराच खाली. नुसता ओतीव आकडा असेल तर साध्या व्ही-८ कॅमेरोचा भाव, वर एक डॉलर नाही. गंजाला मी फार भीत नाही, १९६९च्या कॅमेरोची अख्खी बॉडी आज नवी मिळते. ठोकलेला मूळ ब्लॉक मिळत नाही.

राहिलं 'बार्न फाइंड', म्हणजे कोठारात वर्षानुवर्षं पडून सापडलेली गाडी. त्यातून कळतं ते फक्त गाडी कुठे सापडली. फोटोसाठी मुद्दाम न पुसलेल्या धुळीचे पैसे मागणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे.

मित्राबरोबर नंतर मी ती गाडी पाहायला गेलो. धूळ तशीच होती. पट्टी आरशासारखी गुळगुळीत, फिल्टरजवळही काही नाही. "तिथे काही दिसतच नसतं," विकणारा म्हणाला. इसार अजून परत आलेला नाही.